सातबारा तुमच्या नावावर, पण ओटीपी कुणाच्या मोबाइलवर?



इंद्रायणीची कापणी, झोडणी उरकली की आपल्याकडे चार दिवस मोकळे मिळतात. ओल असेल त्या खाचरात हरभरा पडतो, पेंढा रचला जातो, फुटलेले बांध नीट केले जातात. यंदा या कामांत एक काम वाढवा, म्हणून हे लिहितोय. घरातल्या मोबाइलची आवराआवर करा. फोटो पुसून जागा करायची ती कराच, पण त्याआधी जमीन, पैसा आणि आधार हे तिन्ही कुठल्या नंबरला बांधलेत ते शोधून काढा.

माझं मत सरळ आहे. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या आधारला आणि बँकेला जोडलेला नंबरही त्याचाच पाहिजे, आणि ते सिम त्याच्याच हातात पाहिजे. पोराच्या नाही, पुतण्याच्या नाही, आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या तर नाहीच नाही.

माणमध्ये बसून हे सांगायला कारण आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आपल्या शिवारापर्यंत आलाय. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रो आपल्या गावापासून सुरू होते, तिचा डेपोही इथंच. गुंठ्याचा भाव कुठं गेलाय ते तुम्हाला सांगायला नको. त्या काचेच्या इमारतींत आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊन बघा, दुसऱ्या दिवशी साहेब बोलावून घेतो. आणि रस्त्याच्या अलीकडं, ज्यांच्या नावावर एवढी मोलाची जमीन आहे, त्यांचा ओटीपी भलत्याच्याच खिशात वाजतो.

हे असं झालं कसं?

२०१९ साली पीएम किसान आली, वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, पीक पेऱ्याची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची. मग ई-केवायसी आली. मग ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. सगळ्याला मोबाइल नंबर लागतो. गर्दी असायची, मुदत संपत आलेली असायची, रेंज नसायची. रांगेत जो उभा होता त्यानं आपला नंबर दिला आणि काम उरकलं. त्या वेळी ते बरोबरच होतं. पण नंतर तो नंबर बदलायचं राहून गेलं.

सोय झाली हे मी नाकारत नाही. एका उताऱ्यासाठी पौडला हेलपाटा मारणं, साहेब भेटले नाहीत म्हणून परत येणं, हे आपण सगळ्यांनी केलंय. ते दिवस परत यावेत असं कुणालाच वाटत नाही. पण पूर्वी कागद पेटीत होते आणि पेटीची किल्ली आईच्या कनवटीला होती. आता कागद ऑनलाइन गेलेत आणि किल्ली कुणाकडं आहे हेच घरात माहीत नाही.

उगाच भीतीही घालत नाही. नुसत्या ओटीपीनं जमीन विकली जात नाही, खरेदीखताला दुय्यम निबंधकांकडं जावं लागतं. पण ओटीपीवर बँकेतले पैसे जातात, अर्जात बदल होतात, आधारची ई-सही होते. सही म्हणजे सही. आपण कोऱ्या कागदावर कुणाला सही करून देतो का?

पहिलं काम: नंबर

एक वही घ्या. घरातल्या प्रत्येक खातेदाराच्या नावापुढं चार गोष्टी लिहा: आधारला कुठला नंबर, बँकेला कुठला, पीएम किसानला कुठला, शेतकरी ओळख क्रमांकाला कुठला.

आधारला कुठला नंबर जोडलाय ते बघायला पैसे लागत नाहीत. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांक वैध आहे का ते तपासायची सोय आहे. तिथं क्रमांक टाकला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. तीन आकड्यांवरून घरातला कुठला नंबर आहे ते लगेच कळतं. एकही जुळला नाही, तर पुढचं काम आधार केंद्रावर. त्याच संकेतस्थळावर लॉगिन करून सरकारी अनुदान नेमक्या कुठल्या बँकेत जातंय तेही बघता येतं. दोन-तीन खाती असली की हप्ता कुठं गेला याचा घोळ नेहमी होतो, तो इथं सुटतो.

दुसरं, संचार साथी. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ही सोय २०२३ पासून आहे, फुकट आहे. आपला नंबर टाकून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती सिम चालू आहेत त्यांची यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' अशी तक्रार तिथंच करता येते. मोबाइल हरवला किंवा चोरीला गेला तर तो बंद पाडायची सोयही तिथंच आहे.

तिसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. रिचार्ज संपून सिम तसंच पडून राहिलं की कंपनी नंबर बंद करते. बंद झाल्यावर किमान ९० दिवस गेले की तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाईकाला देता येतो. म्हणजे आज्ज्याच्या जुन्या सिमला कुणी रिचार्ज मारला नाही, तर वर्षा-दीड वर्षानं आज्ज्याच्या बँकेचा मेसेज कुठल्या तरी परक्या माणसाला जाऊ शकतो. तेव्हा जो नंबर जमिनीला आणि बँकेला जोडलाय तो जिवंत ठेवा. ठेवायचाच नसेल, तर आधी बँकेत आणि आधारला बदला, मग सोडा.

यावर घरोघरी एकच उत्तर येतं: "म्हाताऱ्या माणसाला मोबाइलमधलं काय कळतंय?" उत्तर खरं आहे, पण अर्धंच. ओटीपी यायला स्मार्टफोन लागत नाही. साधा बटणाचा फोन पुरतो. फॉर्म नातवानं त्याच्या मोबाइलवर भरावा, ओटीपी मात्र आज्जीच्या बटणाच्या फोनवर यावा आणि आज्जीनं विचारावं, "कशापायी मागतोयस रे?" एवढा एक प्रश्न विचारायची जागा राहिली पाहिजे. आकडे वाचता येत नसतील तर नातू वाचेल, पण फोन आज्जीच्या हातात असेल.

बायकांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या नावावर जमीन असते, खातं असतं, आणि नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. भाऊबंदकी कुठल्या गावाला चुकलीय? आज सगळं गोडीत आहे तोवरच हे नीट करून घ्यावं. वाद लागल्यावर नंबर मागायला गेलं तर तो वादाचा आणखी एक मुद्दा होतो.

दुसरं काम: महिन्यातून एकदा चावडीवर चक्कर

महसूल खात्याची 'आपली चावडी' ही ऑनलाइन सोय आहे. जिल्हा पुणे, तालुका मुळशी, गाव माण निवडलं की गावात सध्या कुठले फेरफार चालू आहेत ते दिसतं. कुणाचा गट, कसला व्यवहार, हरकतीची मुदत कधीपर्यंत. लॉगिन नाही, पैसे नाहीत.

याचं मोल समजून घ्या. दस्त नोंदला गेला की त्याची वर्दी तलाठ्याकडं जाते, फेरफार धरला जातो, नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. पंधरा दिवसांत लेखी हरकत दिली आणि पोच घेतली तर प्रकरण सुनावणीला लागतं. मुदत गेली तर अपील, प्रांत, वकील, तारखा. आपल्या भागात जमिनीवर किती जणांचा डोळा आहे ते बघता दर महिन्याच्या एक तारखेला चावडी उघडायची सवय लावून घ्या. फक्त आपलाच गट बघू नका. शेजारच्याचा, परगावी राहणाऱ्या चुलत्याचा गट दिसला तर त्याला फोन करा. पूर्वी चावडीच्या फळ्यावरची नोटीस वाचून माणसं एकमेकांना सांगायचीच की.

सातबारा आणि आठ-अ नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो. सरकारी कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना निघतो, घरबसल्या. माहीत नसलं की पंधराचे पन्नास होतात. आणि एक खूण लक्षात ठेवा: सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. तसं नाही आणि सातबारा दाखवतो म्हणतंय, तर तिथं आधार नंबर टाकू नका.

तिसरं काम: कागद ठिकाणावर

व्हॉट्सॲप हे कपाट नाही. आधार, पासबुक, उतारा सगळं चॅटमध्ये पडलेलं असतं आणि ऐन वेळी सापडत नाही. डिजिलॉकर हे सरकारचं ॲप २०१५ पासून आहे, फुकट आहे. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी त्यात थेट खात्याकडून येतात आणि मूळ कागदासारखे धरले जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो मान नाही, पण जपून ठेवायला जागा मिळते. गूगलच्या खात्यातही १५ जीबी जागा फुकट असते. 'शेती' नावाचा एक फोल्डर करा. उतारे, खताची बिलं, माती परीक्षणाचा अहवाल, पीक पाहणीचा फोटो, सगळं त्यात.

कुणाला आधारची प्रत द्यायची वेळ आली तर झाकलेलं आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बहुतेक ठिकाणी ओळख पटवायला तेवढं पुरतं.

फॉर्म भरायला दुकानात गेलात तर निघताना दोन गोष्टी करा. आपली फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवरून आपल्यासमोर पुसायला लावा. आणि तिथं आपलं व्हॉट्सॲप जोडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते काढून टाका. नाहीतर घरी आल्यावरही तुमचे मेसेज तिथं दिसत राहतील. त्याच सेटिंगमध्ये सहा आकडी पिनची सोय आहे, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' म्हणतात, तीही लावा.

पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून सगळीकडं एकच ठेवायचा आणि तो पोराच्या नावाचा, हे बंद करा. वेगवेगळे ठेवा आणि त्याच वहीत लिहा. वही घरात पेटीत ठेवा. परगावचा चोर वही वाचायला येत नाही. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र वहीतही लिहू नका.

चौथं काम: लग्नपत्रिका उघडण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते. हल्ली पत्रिका व्हॉट्सॲपवर येते. भामट्यांनी नेमकं हेच धरलंय. पत्रिकेच्या नावानं एपीके फाइल येते. पीएम किसानच्या नावानं येते, आरटीओच्या चलनाच्या नावानं येते, बँकेच्या नावानं येते. एपीके म्हणजे ॲप. ते उघडलं, परवानग्या दिल्या, की तुमचे मेसेज दुसऱ्याला दिसायला लागतात, आणि मेसेज म्हणजे ओटीपी.

नियम एकच: ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. ओळखीच्या माणसाकडून फाइल आली तरी नाही, कारण त्याचा मोबाइल आधीच फसलेला असू शकतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके दिसलं की पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

उघडलं गेलंच तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन लावा. लाजू नका आणि "सकाळी बघू" म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर पहिले काही तासच कामाचे असतात.

अंगठ्याचंही सांगतो. आधार आणि अंगठ्यावर बँकेतून पैसे काढायची सोय आहे. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे चोरून खाती रिकामी केल्याची प्रकरणं हैदराबाद, बंगळुरूकडं उघडकीला आली आहेत. माणमध्ये दस्तावर अंगठा उमटवला नाही असं घर सापडणं अवघड. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट. रेशनला किंवा बँकेत अंगठा द्यायचा त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. घरात कुणाला हे जमत असेल तर जरूर करा. जमत नसेल तर आधी समजून घ्या, नाहीतर रेशन दुकानात अंगठा लागणार नाही आणि म्हातारी माणसं रिकाम्या हातानं परत येतील.

पाचवं काम: गोंगाट कमी करा

सकाळी पन्नास गुड मॉर्निंग, दुपारी भांडणं, रात्री रील. यात कामाचा मेसेज कुठं दिसणार? सगळे ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही, गावात राहून ते जमत नाही. ग्रुप म्यूट करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, मोबाइल निम्मा हलका होतो. जाहिरातीच्या फोनसाठी १९०९ वर फोन करून नोंद करा. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, रील बघण्यात किती तास गेले ते त्यात दिसतं. एकदा बघाच.

आणि दोन आवाज मात्र चालू ठेवा. एक 'दामिनी'. आपल्याच पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या संस्थेनं हे ॲप केलंय. आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर इशारा देतं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात रानात असणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल. दुसरं 'मेघदूत', हवामान खात्याचं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यावर कृषी सल्ला येतो. गोंगाट कमी करायचा तो या दोन हाका ऐकू याव्यात म्हणून.

कृषी खात्यातल्या आणि कंपन्यांच्या मंडळींना

तुम्हीही हे वाचताय, म्हणून मोकळेपणानं सांगतो. ग्रुपवर "आधार, पासबुक, सातबारा टाका" असा मेसेज टाकू नका. दोनशे जणांच्या ग्रुपवर एका शेतकऱ्याचं आधार पडलं की ते दोनशे मोबाइलमध्ये गेलं, मग परत गोळा करता येत नाही. वरून घाईची यादी मागतात, तुमच्यावर दडपण असतं, हे दिसतं आम्हाला. तरी वैयक्तिक मागा, काम झालं की पुसा. ॲप सांगायचं तर प्ले स्टोअरवरचं नाव सांगा, फाइल पाठवू नका. तुम्ही फाइल पाठवायला लागलात की खरी कुठली आणि भामट्याची कुठली हे आम्ही ओळखायचं कसं? आणि अर्जात स्वतःचा नंबर टाकून काम उरकू नका. त्या दिवशी उपकार वाटतो, पुढच्या हप्त्याला तोच शेतकरी अडकतो.

शेवटी ग्रामपंचायतीकडं एक मागणी. सरकारनं कागद ऑनलाइन नेले, पण ते सांभाळायचं शिकवायला कुणी आलं नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा पुढं आहे. त्या दिवशी सभा संपल्यावर दोन तास चार टेबलं मांडा. आयटी पार्कात कामाला जाणारी आपली पोरं-पोरी त्या दिवशी सुट्टीवर असतात, त्यांना बसवा. एका टेबलावर आधारचा नंबर तपासायचा, दुसऱ्यावर संचार साथी, तिसऱ्यावर आपली चावडी, चौथ्यावर व्हॉट्सॲपचा पिन. खर्च चहाचा. अट एकच: मोबाइल ज्याचा त्याच्याच हातात राहील, पोरांनी बोटानं दाखवायचं, करायचं त्यानं स्वतः.

तोवर वही घ्या आणि चार रकाने आखा. आईच्या नावापासून सुरुवात करा.